मूळव्याध म्हणून सोडून दिलेले रक्त

कोणत्याही तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर उतरा, भिंतीवर एक पाटी हमखास दिसते : मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज. आजरा तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांतही हा आजार घरोघरी ठाऊक आहे, आणि त्यावरचे इलाजही. कुणी सुरण खातो, कुणी झाडपाला देणाऱ्याकडे जातो, कुणी मेडिकलमधून मलम आणतो. रक्त दोन दिवस थांबते, माणूस पुन्हा कामावर जातो आणि विषय संपतो.

बहुतेक वेळा ती खरोखर मूळव्याधच असते. पण काही जणांचे रक्त मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या गाठीतून येत असते. नुसते रक्त बघून हे दोन आजार वेगळे ओळखता येत नाहीत. रुग्णाला नाही, शेजारणीला नाही, आणि तपासल्याशिवाय डॉक्टरलाही नाही.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय होते सुमारे ४७ वर्षे. निम्म्याहून अधिक जणांची तक्रार शौचावाटे रक्त जाण्याचीच होती. सत्तेचाळीस म्हणजे म्हातारपण नव्हे. पोरगे बारावीला आणि घराचा हप्ता अर्धा राहिलेला, असे ते वय.

हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी लहानशी मांसल वाढ होते, डॉक्टर तिला पॉलिप म्हणतात. त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग बनतो, आणि त्याला बहुधा दहाएक वर्षे लागतात. एवढ्या काळात दुखत नाही, ताप येत नाही. क्वचित थोडे रक्त जाते, तेही डोळ्यांना न दिसणारे. या टप्प्यावर सापडले तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येते. उशीर झाला तर मोठी शस्त्रक्रिया, केमो, कधी पोटावर कायमची पिशवी.

मग सरकारी दवाखान्यात याची तपासणी होते का? आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरील माणसांचा फॉर्म भरतात, हे आपण पाहतो. त्या कार्यक्रमात रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर तीन कर्करोगांची तपासणी आहे : तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा. आतड्याच्या कर्करोगाची चाचणी त्यात नाही. याला कारण आहे. आपल्याकडे हा आजार युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आढळतो, आणि ते तीन कर्करोग उपकेंद्रात डोळ्यांनी व हातांनी तपासता येतात. त्यामुळे तक्रार नसलेल्या प्रत्येकाच्या आतड्यात दुर्बीण घाला, अशी मागणी मी करणार नाही. पण ज्याला रक्त जाते आहे, त्याला न तपासता मलम देऊन परत पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे गप्प बसायचे कारण नाही.

तपासणी खेड्यात पोहोचत नाही, लोक येत नाहीत, असे सांगितले जाते. आपल्याच राज्यातला अनुभव तसा नाही. १९९९ च्या अखेरीपासून टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. आरोग्य कर्मचारी घरोघरी गेले, समजावून बोलावले, आणि बोलावलेल्यांपैकी बहुसंख्य बायका आल्या. शेतमजूर, न शिकलेल्या, सगळ्या. २००९ मध्ये निकाल आला : ज्या गटात एचपीव्ही चाचणी एकदाच केली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची मात्र तशी तपासणी झाली नव्हती. त्यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती रास्त होती. गरिबाला वाट पाहायला लावणे फार सोपे असते.

आतड्याच्या कर्करोगासाठीही साधी चाचणी आहे. तिला फिट म्हणतात. घरीच शौचाला गेल्यावर काडीने मोहरीएवढा नमुना घेऊन छोट्या बाटलीत घालायचा. शौचात माणसाचे रक्त लपलेले असेल तर ते कळते. खाण्याचे पथ्य लागत नाही. चाचणी सदोष आली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे; पण मग दुर्बिणीने आत बघावेच लागते. इंग्लंडमध्ये हे किट ठरावीक वयाच्या लोकांना टपालाने घरी येते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात नर्सनी वेगळीच युक्ती केली. फ्लूची लस घ्यायला आलेल्याच्या हातात त्याच वेळी शौचतपासणीचे किट दिले. तपासणी झालेल्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेले. नवीन इमारत नाही, नवा डॉक्टर नाही.

आपल्याकडे असे करायला जागा आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला लोक दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात येतातच. गोळ्या देताना सिस्टरने एवढेच विचारावे : शौचावाटे रक्त जाते का? परसाकडची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदलली आहे का? घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का? ‘हो’ म्हणणाऱ्याचे नाव वहीत, आणि पुढे पाठवलेला माणूस तपासून परत आला का, हेही त्याच वहीत. नुसती चिठ्ठी देऊन काम संपत नाही. चिठ्ठी खिशात घेऊन कितीतरी माणसे घरीच बसतात.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मूळव्याध आहे’ एवढेच सांगितले, तर विचारा : बोटाने तपासणार का? हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने केलेल्या तपासणीत गुदाशयातल्या खालच्या गाठी हाताला लागतात. दोन मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत. स्त्रियांनी सिस्टरला सोबत थांबायला सांगावे, तो आपला हक्क आहे.

आणखी एक खूण रक्ताच्या रिपोर्टमध्ये असते. हिमोग्लोबिन कमी आले की लोहाच्या गोळ्या मिळतात. पाळी येणाऱ्या बाईचे एक वेळ समजू शकते. पण पुरुषाचे, किंवा पाळी गेलेल्या बाईचे रक्त का कमी झाले? अनवाणी शेतात राबणाऱ्यांत हुककृमीही असतात, आहारही अपुरा असतो. तरीही आतड्यातून रक्त जाते आहे का, हे बघितल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर वर्ष काढू नये.

अडचण लाजेची आहे, हे मान्य. जागा दाखवायची लाज, शौचाबद्दल बोलायची लाज. विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता, सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले. विहारात हा प्रसंग आपण ऐकतो. वर्षावासातल्या एखाद्या रविवारी त्याच्या जोडीने हा आजारही बोलला गेला, तर निम्मी लाज तिथेच गळेल. गावाची मेलेली ढोरे ओढायला लावून ज्यांच्या आज्या-पणज्यांना अपवित्र ठरवले, त्यांनी तरी स्वतःच्या शरीराची शिसारी का धरावी?

राहिला पैशाचा आणि प्रवासाचा प्रश्न. प्राथमिक आरोग्य केंद्र, आजऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय, इथले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. कर्करोगाचे निदान झाल्यास महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे; कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळते. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरचे नाव सारखे आहे का, ते आजच बघून ठेवा.

दुर्बिणीची तपासणी मोठ्या रुग्णालयात होते. कोल्हापूरला जायचे तर आजऱ्याहून सुमारे ८५ किलोमीटर. आणि इथे एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. तपासणीपूर्वी आतडे साफ होण्यासाठी पातळ औषध पितात, त्याने रात्रभर जुलाब होतात. ते पिऊन पहाटेच्या एस.टी.त कोण बसणार? ज्या घरात संडास नाही, तिथे तर ती रात्रच अवघड. म्हणून तारीख घेतानाच विचारा : आदल्या दिवशी भरती करून घ्याल का? नाही म्हणाले, तर कोल्हापुरातल्या पाहुण्यांकडे रात्री मुक्कामाची सोय आधीच करून ठेवा, आणि सोबत एक माणूस न्या. भूल दिली तर त्या दिवशी एकट्याने परतता येत नाही.