नट ढिला, तर हंगाम ढिला
मळणी यंत्र आणि ट्रॅक्टरचे बोल्ट आवळताना घ्यावयाची काळजी

लाखांदूर तालुक्यात दिवाळीनंतर भारी धानाची कापणी उरकली की पुंजणे उभे राहतात आणि मळणी यंत्रांची घरघर सुरू होते. अशा घाईत यंत्र बंद पडले तर मजूर बसून राहतात, वरून ढग आले की शेतकऱ्याचा जीव टांगणीला. पुष्कळदा कारण क्षुल्लक असते. कुठला तरी नट ढिला झालेला असतो. पण ड्रमवरचा दात निखळून उडाला तर नुकसान यंत्रापुरते राहत नाही, माणसाच्या जिवावर बेतते.

"कालच तर कच्चून आवळला होता, ढिला झाला कसा?" असे आपण म्हणतो. शेतकरी बंधूंनो, नट नुसता बसत नाही. तो आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या रबरासारखा दोन्ही भाग दाबून धरतो. हा ताण म्हणजेच पकड. भाग आडवे हलू लागले की नट आपोआप उलटा फिरतो, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवले. म्हणजे भाग हलूच नयेत इतकी पकड हवी.

आता पकड का सुटते ते पाहू. रोवणीआधी चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी चाके चढवतो. बसवताना मध्ये चिखल, गंज किंवा रंगाचा थर राहिला तर पहिल्या दोन-चार तासांतच तो दबतो, बोल्टचा ताण उतरतो आणि चाक खेळू लागते. म्हणून आधी दोन्ही बाजू पुसा, आटे तारेच्या ब्रशने साफ करा. चाकाचे नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळा. थोडा वेळ काम झाले की ट्रॅक्टर थांबवून पुन्हा पाना लावा. ही दुसरी फेरी कधी टाळू नये.

वायसरबाबतही गैरसमज आहे. साधा चपटा वायसर नटाचा दाब पसरवतो. छिद्र मोठे झाले असेल किंवा पत्रा पातळ असेल तिथे तो हवाच. स्प्रिंग वायसर टाकला की निश्चिंत, असे मात्र नाही. आवळल्यावर तो चपटा होतो आणि मग साध्या वायसरपेक्षा जास्त काही करत नाही, असे अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९९० च्या पुस्तिकेतही नमूद आहे. जिथे हादरे जास्त, तिथे नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा. हाताने सहज फिरू लागला की तो बदलावा. इंजिनाच्या गरम भागावर तो लावू नये. दोन नट लावायचे तर पातळ नट आत, जाड नट बाहेर. आपल्याकडे नेमके उलटे करतात.

बोल्टच्या माथ्यावरचा आकडाही वाचा. ८.८ चा बोल्ट ४.६ च्या दुप्पट ताणाला तुटतो. तुटलेल्या बोल्टच्या जागी हाती लागला तो ठोकू नका. नटाबाहेर दोन आटे दिसलेच पाहिजेत. पान्याला पाईप लावून जोर करू नये, त्याने आटे जातात. आट्यांना तेल लावले असेल तर तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून हात आवरता घ्यावा.

ग्रामपंचायतींसाठीही एक गोष्ट. गावातल्या मार्क-टू हातपंपाचे मूळ सोलापूरच्या पंपात आहे. त्याच्या दांड्याच्या आसाचा नट, त्यावरचा दुसरा नट आणि जोडाचे बोल्ट महिन्यातून एकदा तपासले तर बरीच दुरुस्ती वाचते. मळणी यंत्र तर १९८३ च्या धोकादायक यंत्रांच्या कायद्यात येते. भाड्याने यंत्र आणणाऱ्यांनी आधी दात, झाकण आणि धान टाकायचे तोंड पक्के आहे का, ते पाहावे.

शेवटी एक सोपा उपाय. आवळलेल्या नटावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला समजा. रोज सकाळी इंजिन बंद ठेवून, पट्टा उतरवून या रेघांवर नजर टाका. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्याने हंगामही वाचतो आणि हातपायही.