विभक्ती गळाली, जागा उरली

‘सर, एक्स्प्लेन मी धिस सम.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिकवणीच्या वर्गात हे वाक्य कानावर पडते आणि लगेच दुरुस्तही होते: ‘एक्स्प्लेन धिस सम टू मी’ असे म्हणावे. मूल ते वहीत उतरवून घेते, पण त्याच्या मनातला रास्त प्रश्न तसाच राहतो. ‘टेल मी द आन्सर’ चालते, ‘शो मी द आन्सर’ चालते, मग ‘एक्स्प्लेन मी’नेच काय घोडे मारले? ‘इंग्रजीत तसे चालत नाही’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते. या प्रश्नाला खरे उत्तर आहे, आणि ते समजण्याची निम्मी तयारी मराठी मुलाजवळ आधीपासून असते.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला विभक्तिप्रत्यय होते. राजा म्हणजे ‘क्युनिंग’ आणि राजाला म्हणजे ‘क्युनिंगे’. ज्याला द्यायचे त्याच्या नावालाच खूण असल्यामुळे ‘राजाला तलवार दिली’ म्हणा की ‘तलवार राजाला दिली’, घोटाळा होत नसे. आपल्या ‘ला’, ‘ना’मुळे आपण आजही हीच मोकळीक उपभोगतो. पुढे शब्दांच्या शेवटचे आघातहीन स्वर पुसट होत गेले. अकराव्या शतकापासून पुढच्या दोन-तीनशे वर्षांत नामांचे बहुतेक प्रत्यय झडले. आता घेणारा कोण आणि वस्तू कोणती हे सांगायचे कसे? इंग्रजीने दोन वाटा धरल्या. एक, घेणाऱ्याच्या आधी ‘टू’ लावायचा. दुसरी, घेणाऱ्याला क्रियापदाला चिकटून पहिल्या जागी बसवायचे आणि वस्तू त्याच्यामागे ठेवायची. ‘गिव्ह द किंग द सोर्ड’मध्ये राजाला कसलीच खूण नाही, त्याची जागा हीच त्याची विभक्ती.

या दोन वाटा अगदी समान आहेत असे आपली व्याकरणाची पुस्तके गृहीत धरतात आणि ‘वाक्यरूपांतर करा’ म्हणून दहा वाक्ये देतात. तिथेच गल्लत होते. मराठीत ‘पार्सल काकूला पाठवले’ आणि ‘पार्सल पुण्याला पाठवले’ ही वाक्ये दिसायला एकाच ठशाची. इंग्रजीत ‘टू’ लावून दोन्ही सुखाने होतात. पण ‘आय सेंट काकू अ पार्सल’ ठीक, आणि ‘आय सेंट पुणे अ पार्सल’ म्हटले की इंग्रज माणूस थबकतो. पुणे म्हणजे कंपनीचे पुण्याचे ऑफिस, तिथली माणसे, असे मनात असेल तर मात्र तेच वाक्य त्याला चालते. कारण पहिल्या जागेवर बसणाऱ्याच्या हाती काहीतरी पडले पाहिजे, निदान तसा हेतू तरी पाहिजे. गावाच्या हाती काही पडत नाही. ते नुसते मुक्कामाचे ठिकाण. ‘ओपन मी अ बॉटल’ म्हणता येते, कारण उघडलेली बाटली माझ्याकडे येणार. ‘मला दार उघडून दे’ हे मराठीत सहज बोलतो, पण ‘ओपन मी द डोअर’ होत नाही. दार काही माझ्या हाती येत नाही. आपला ‘ला’ घेणाऱ्यालाही लागतो, गावालाही लागतो आणि ‘मला ताप आला’मधल्या सोसणाऱ्यालाही. इंग्रजीची ती पहिली जागा फार अरुंद आहे.

आता ‘एक्स्प्लेन’. समजावल्यावर ज्ञान ऐकणाऱ्याकडे जाते, म्हणजे अर्थाची अट पुरी होते. अडते ते कुळाशी. दोन कर्मांची रचना मुळात गिव्ह, टेल, सेंड, शो, टीच अशा घरच्या, आखूड क्रियापदांची. फ्रेंच-लॅटिनमधून आलेली, आघात दुसऱ्या अक्षरावर असलेली एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, डोनेटसारखी क्रियापदे बहुतेक बाहेरच राहिली. ‘पे’, ‘ग्रँट’, ‘प्रॉमिस’ हीसुद्धा फ्रेंचमार्गेच आली, पण एक तर एकाक्षरी किंवा पहिल्या अक्षरावर आघात असलेली. ती घरच्यांत मिसळून गेली. ‘असाइन’, ‘गॅरंटी’ असे अपवाद आहेतच. शिवाय ‘से’ आणि ‘शाउट’ अस्सल देशी असूनही दोन कर्मे घेत नाहीत, म्हणजे नुसत्या कुळानेही भागत नाही. उलट फॅक्स, ईमेल, टेक्स्ट ही क्रियापदे कालपरवा आली आणि ‘टेक्स्ट मी द अ‍ॅड्रेस’ अशी थेट घरात शिरली. नियम जिवंत असल्याची याहून चांगली साक्ष मला माहीत नाही.

इंग्रज मुले हे कुठे शिकतात? सी. एल. बेकर या भाषाशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये हाच पेच मांडला: ‘असे म्हणतात’ हे मुलांच्या कानावर पडते, ‘असे म्हणत नाहीत’ हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही, तरी मोठेपणी सगळे एकाच कुंपणात कसे राहतात? स्टीव्हन पिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मुलांसमोर बनावट क्रियापदे ठेवून पाहिली. मुले ती कधी न ऐकलेल्या दोन कर्मांच्या रचनेतही वापरत होती. म्हणजे मुले यादी पाठ करत नाहीत, नियम बांधतात; आणि बांधताना ‘से मी’सारख्या चुकाही करतात. आपल्या मुलाची ‘एक्स्प्लेन मी’ ही चूक त्याच जातीची आहे.

जिथे दोन्ही वाटा खुल्या असतात तिथेही निवड स्वैर नसते. जोन ब्रेसनन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकी टेलिफोन संभाषणांतली दोन हजारांहून अधिक वाक्ये तपासली. घेणारा सर्वनामाने आला आहे का, सजीव आहे का, त्याचा उल्लेख आधी झाला आहे का, कुठला पदसमूह लांब आहे, अशा गोष्टी धरल्या तर बोलणारा कुठली वाट घेईल हे सुमारे ९४ टक्के वेळा बरोबर ओळखता आले. आधी माहीत असलेले, छोटे ते पुढे. नवे, लांबलचक ते मागे. कान तयार असलेला माणूस हे नकळत पाळतो.

जागेचे माहात्म्य कर्मणी प्रयोगात सर्वांत ठळक दिसते. ‘आम्हाला वह्या देण्यात आल्या’ यात क्रियापद वह्यांच्या मागे जाते. जुन्या इंग्रजीतही वस्तूच कर्त्याच्या जागी येई आणि घेणारा चतुर्थीतच राही. विभक्ती गेल्यावर मात्र घेणारा सरळ कर्ता झाला: ‘वी वेअर गिव्हन नोटबुक्स.’ आपली मुले इथे अडखळतात, कारण ‘आम्हाला’चा ‘वी’ कसा झाला हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

दोन कर्मांच्या नियमात भारतीय इंग्रजीने आपली भर घातली आहे. जॉयब्रतो मुखर्जी आणि सेबास्टियन हॉफमन यांनी २००६ मध्ये भारतीय इंग्रजी वृत्तपत्रातला मजकूर तपासला, तेव्हा ‘गिफ्ट’, ‘इन्फॉर्म’ अशी क्रियापदे तिथे दोन कर्मांसह आढळली. ‘शी गिफ्टेड हर सिस्टर अ सारी’ हे मला तरी चूक वाटत नाही: एकाक्षरी क्रियापद, देण्याचा अर्थ, हाती पडणारी साडी. ‘एक्स्प्लेन मी’ला मात्र परीक्षेत गुण कापले जातात, आणि परीक्षेपुरते ते कापले जाणारच.

माझी विनंती इंग्रजी शिकवणाऱ्यांना आहे. क्रियापदांची यादी देण्याआधी फळ्यावर काकूचे आणि पुण्याचे पार्सल मांडा, मुलांना फरक त्यांच्या तोंडून सांगू द्या, आणि मगच ‘टू’कडे वळा. सहावी-सातवीच्या वर्गात एका तासात हे होते.