उलटसुलट सहा अक्षरं

लहानपणी बडोद्याच्या घरी वीज गेली की आजी उलटसुलट वाक्यांचा खेळ मांडायची. ‘चिमा काय कामाची’, ‘ती होडी जाडी होती’. परवा एचआयव्हीबद्दल वाचताना तो खेळ अचानक आठवला.

वाचायचं कारण माझा एक वर्गमित्र. बरीच वर्षं तो एचआयव्हीची औषधं घेतो आहे. म्हणाला, “रोज रोज कंटाळा येतो रे. अधूनमधून गोळी चुकली तर काय बिघडतं?” मी इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. ‘डॉक्टरांना विचार,’ म्हटलं आणि स्वतःही वाचायला बसलो.

या विषाणूची सगळी माहिती आरएनएच्या धाग्यावर, जी, सी, ए आणि यू या चार अक्षरांत लिहिलेली असते. अक्षरं नऊ हजारांहून जास्त. आणि विषाणूच्या प्रत्येक कणात या धाग्याच्या दोन प्रती असतात.

या दोन प्रती एकमेकींना शोधतात कशा? धाग्याच्या सुरुवातीजवळचा एक भाग स्वतःवरच दुमडून केसांच्या आकड्यासारखा होतो. आकड्याच्या वळणावर सहा अक्षरं उघडी राहतात. भारतात जास्त आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारात ती असतात ‘जी-यू-जी-सी-ए-सी’. जीची जोडी सीशी जमते, एची यूशी. आता ही अक्षरं उलट क्रमाने लिहा आणि प्रत्येकाच्या जागी त्याचा जोडीदार ठेवा. पुन्हा तीच सहा अक्षरं! म्हणूनच एका प्रतीचं वळण दुसरीच्या वळणात नेमकं अडकतं. शास्त्रज्ञ याला ‘किसिंग लूप’ म्हणतात. पुढे ही पकड घट्ट होते आणि जोडी नव्या कणात भरली जाते.

आमच्या भाषेत हा बॅकअप. एक प्रत तुटली तर दुसरीवरून काम चालू. पण विषाणू एवढ्यावर थांबत नाही. नक्कल करताना त्याच्या बऱ्याच चुका होतात आणि एखादी चूक नेमकी औषधाला दाद न देणारी निघते. शिवाय नक्कल करणारं एन्झाइम एका प्रतीवरून दुसरीवर उड्या मारतं. एक प्रत एका औषधाला आणि दुसरी दुसऱ्या औषधाला जुमानत नसेल, तर दोन्ही गुण एकाच नव्या विषाणूत येऊ शकतात.

मात्र यासाठी विषाणूची वाढ चालू असावी लागते. गोळ्या नियमित घेतल्या तर वाढच थांबते. मग नव्या चुका नाहीत, नव्या जोड्या नाहीत. वारंवार गोळ्या चुकल्या की त्याला पुन्हा संधी मिळते.

मित्राला हे कागदावर अक्षरं मांडून दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग फोन काढून त्याने रात्री नऊचा गजर लावला.