मोडनिंबची बारी, अकलूजची स्पर्धा

पुण्याहून सोलापूरकडे जाताना टेंभुर्णी मागे पडलं की थोड्या वेळात मोडनिंब येतं. माढा तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. जवळच संत सावता माळ्यांचं अरण, आणि दुसरीकडे करकंबवरून पंढरपूरला जाणारा रस्ता. वारीच्या या मुलखात संगीत बारीचं एक नावाजलेलं ठाणंही आहे. चौफुला, जामखेड, सणसवाडी यांच्या बरोबरीनं मोडनिंबचं नाव लावणीच्या शौकिनांच्या तोंडी असतं. इथली कलावंतीण वर्षभर, रात्रीमागून रात्री नाचते. त्या रात्रींची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. तिच्या कारकिर्दीला क्रमांक आणि तारीख मिळते ती स्पर्धेत. स्पर्धा म्हटलं की सोलापूर जिल्ह्यात एकच नाव निघतं, ते अकलूजचं.

आधी संगीत बारी जिथे चालते त्या कलाकेंद्राचं काम कसं असतं ते पाहू. थिएटर एका मालकाचं आणि त्यात मुक्काम अनेक पार्ट्यांचा. प्रत्येक पार्टीची एक मालकीण असते, बहुधा स्वतः नाचून, गाऊन वय झालेली बाई. तिच्या हाताखाली नाचणाऱ्या मुली, गाणारी, पेटीवाला, ढोलकीवाला आणि तबलजी. तिकिटाच्या खेळात पार्ट्या पाळीपाळीनं रंगमंचावर येतात. ज्याला एखाद्या पार्टीचंच गाणं ऐकायचं असेल तो खासगी बैठक लावतो. बैठकीचे पैसे ठरलेले, वरची दौलतजादा ऐकणाऱ्याच्या मर्जीवर. तमाशाच्या फडात वग असतो, सोंगाड्या असतो, गावोगाव तंबू फिरतो. इथे वग नाही. लावणी आणि ती सादर करणारी बाई, एवढाच खेळ.

नाचाची तयारी पायांपासून सुरू होते. आधी घोट्यावर मऊ कापडाची पट्टी, कातडी सोलवटू नये म्हणून. मग पितळी घुंगरांची माळ कपाळाला लावायची आणि घोट्यापासून पोटरीकडे एकेक वेढा आवळत न्यायचा. वेढा सैल राहिला तर घुंगरू नको तिथे बोलतं, फार आवळला तर पाय बधिर होतो. हे वजन किलोत मोजावं लागतं, आणि ते पेलून पाऊल असं टाकायचं की ढोलकीच्या तोड्याला घुंगरांनी नेमकं उत्तर द्यावं. कसलेली नर्तकी पायातली सगळी घुंगरं वाजवते आणि पुढच्याच क्षणी मोजकीच बोलती ठेवते. हे कुठल्या वर्गात शिकवलेलं नसतं. मावशीच्या, आत्याच्या मागं उभं राहून पाय टाकता टाकता ते अंगात मुरतं.

अशा बायका स्पर्धेला उतरल्या त्या 1993 पासून. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ जयसिंह मोहिते-पाटील यांनी अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू केली. जानेवारीच्या थंडीत राज्यभरातल्या पार्ट्या तिथे उतरू लागल्या. आग्रह पारंपरिक लावणीचा होता. मला या स्पर्धेचं सर्वांत मोठं काम वाटतं ते प्रेक्षकांचं. तोवर कलाकेंद्राच्या दारात पुरुषच जात. अकलूजला घरोघरच्या बायका लेकीसुनांना घेऊन लावणीसमोर बसल्या. ज्या कलेचं नाव घरात दबक्या आवाजात घेतलं जाई, तिला बायकांनी उघड दाद दिली. थिएटरच्या भिंतीआड राहिली असती अशी नावं पुढे शहरांतल्या नाट्यगृहांत पोचली. छाया-माया खुटेगावकर, राजश्री आणि आरती नगरकर ही त्यांतलीच काही.

पण लावणीला गुण द्यायचे कसे? हा प्रश्न जगात इतरांनाही छळून गेला आहे. बर्फावरचं जोडीनं करायचं नृत्य, म्हणजे आइस डान्स, 1976 मध्ये हिवाळी ऑलिंपिकमध्ये आलं. त्यात इतर फिगर स्केटिंगसारख्या उंच उड्या नसतात, त्यामुळे निकाल परीक्षकांच्या आवडीवर लागतो अशी तक्रार कायम असे. 1984 मध्ये सारायेव्होला टॉर्विल आणि डीन या ब्रिटिश जोडीनं राव्हेलच्या ‘बोलेरो’वर नृत्य केलं, तेव्हा कलात्मक प्रभावासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी सहापैकी सहा गुण दिले. पुढे 2002 च्या ऑलिंपिकमध्ये पंचगिरीचा घोटाळा गाजला आणि ती सहा गुणांची पद्धतच मोडीत निघाली. आता प्रत्येक घटकाचा हिशेब वेगळा होतो. हिशेब चोख झाला, तरी मनाला भिडणं मापात बसवायची अडचण उरलीच.

लावणीत ती अडचण दुप्पट आहे. मंचावरचा पदन्यास, गिरकी, मुजऱ्याच्या वेळी दोन्ही हातांनी डोक्यामागे ताणून धरलेला पदर हे शेवटच्या रांगेलाही दिसतं. बैठकीची लावणी मात्र जवळूनच पाहायची. कलावंतीण एक गुडघा उभा करून बसते. गाणारी एकच ओळ घोळवत राहते. सखा उशिरा आला, एवढाच ओळीचा अर्थ असेल. पहिल्या फेऱ्यात ती रुसते, दुसऱ्यात त्याच्या अंगरख्यावर दुसरीचा वास येतो की काय हे नाकाच्या शेंड्यानं सांगते, तिसऱ्यात शेजारणीला डोळ्यांनी खुणावते, चौथ्यात सगळं माफ करून टाकते. हात जेमतेम वीतभर हलतो. पंढरपूरच्या सत्यभामाबाई, वाईच्या यमुनाबाई यांची थोरवी या अदेत होती. यमुनाबाईंना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. मोठ्या मांडवात, झगझगीत दिव्यांत ही अदा हरवते आणि वेगवान नाच जिंकतो. स्पर्धेनं लावणीला इभ्रत दिली हे खरं, पण तिचा तोल पायांकडे झुकवला असंही मला वाटतं.

आणि नर्तकीचं वय. बर्फावरची नर्तिका तिशीच्या आसपास थांबते आणि प्रशिक्षक होते. मागे संघटना असते, शाळा असते. बारीतली बाई थांबते तेव्हा तिच्यामागे पार्टी असते, नसली तर काहीच नसतं. भातू कोल्हाटी समाजातल्या कितीतरी मुलींना घरच्या पोटासाठी पायात चाळ बांधावे लागले. लग्न नाही, मुलांना नाव आईचं. याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये 1994 साली हे सांगितलं. ते वाचलेल्या माणसाला लावणीचं निव्वळ कौतुक करत बसता येत नाही. भूषण कोरगांवकर यांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक 2014 मध्ये आलं. त्यांनी आणि सावित्री मेधातुल यांनी शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या ज्येष्ठ कलावंतिणींना शहरी रंगमंचावर आणलं, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या बाईची अदा तरुण प्रेक्षक श्वास रोखून पाहू लागले.

म्हणून स्पर्धेच्या प्रमाणपत्राचं मोल मला ढालीपेक्षा जास्त वाटतं. ज्येष्ठ कलावंतांना सरकार महिन्याला पाच हजार रुपये मानधन देतं. त्यासाठी कलेतल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. बैठकीची पावती नसते, आणि चाळीस वर्षं नाचलेली बाई कागदावर शून्य ठरू शकते. स्पर्धेतल्या सहभागाचा साधा कागदही तिथे उपयोगी पडतो, पण जी कधी अकलूजला गेलीच नाही, ढोलकीमागे उभी राहून गातच राहिली, तिचं काय? मोडनिंबसारख्या ठिकाणच्या कलाकेंद्रांत जाऊन एकेका मालकिणीची, गाणारीची, ढोलकीवाल्याची नोंद करणं सांस्कृतिक खात्याला अवघड नाही. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी एक फेरी बैठकीची ठेवावी: छोटी खोली, पन्नासेक माणसं, एक पेटी, एक तबला आणि परीक्षक म्हणून बारीत आयुष्य काढलेल्या दोन म्हाताऱ्या बाया. चौथ्या फेऱ्यात ओळ कशी माफ करायची असते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.