निसर्गछायाचित्राचे इमान

समुद्रतळाचे जीवन प्रत्यक्ष पाहणारे लोक फार थोडे असतात, आणि उरलेल्या सर्वांसाठी प्रवाळभित्ती, व्हेल शार्क किंवा सागरी कासव म्हणजे कोणीतरी काढलेले छायाचित्रच असते. त्यामुळे निसर्गाचे छायाचित्र ही कलाकृती असली, तरी ते त्याच वेळी एक साक्षही असते. संगणकावर छायाचित्रात बदल करणे आज अत्यंत सोपे झाले असल्याने ही साक्ष कुठवर विश्वासार्ह राहते, हा प्रश्न गंभीर झाला आहे. ‘छायाचित्राला हातच लावू नये’ हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर असले, तरी पाण्याखाली ते टिकत नाही, कारण तिथे हात न लावलेले छायाचित्रही खरे रंग दाखवत नाही.

याचे कारण पाण्याच्या गुणधर्मात आहे. सूर्यप्रकाश पाण्यात शिरला की त्यातील तांबडा रंग काही मीटरांतच बहुतांश शोषला जातो. त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा हे रंग क्षीण होतात, आणि स्वच्छ समुद्रात सर्वांत खोलवर पोहोचतो तो निळा. शिवाय वस्तूपासून कॅमेऱ्यापर्यंतचे अंतरही प्रकाशाला पाण्यातूनच कापावे लागते, त्यामुळे दूरचा मासा जवळच्या माशापेक्षा अधिक निळसर आणि धूसर दिसतो. डोळा आणि मेंदू या बदलाशी काही प्रमाणात जुळवून घेतात. कॅमेरा मात्र जे पोहोचले तेवढेच नोंदवतो.

म्हणूनच पाण्याखालच्या छायाचित्रणात मानवी हस्तक्षेप अगदी सुरुवातीपासून आहे. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुतां यांनी 1893 पासून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल-सुर-मेर येथे पाण्याखाली छायाचित्रे काढली, आणि पुरेसा उजेड मिळावा म्हणून कृत्रिम प्रकाशाचे प्रयोग केले. 1926 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हा पृष्ठभागावरच्या तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून त्यांनी लखलखाट निर्माण केला होता. आजचे पाणबुडे छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना लावलेले स्ट्रोब, म्हणजे क्षणभर उजळणारे शक्तिशाली दिवे, वापरतात ते याच कारणासाठी. वीस मीटर खोलीवर दिव्याच्या उजेडात लालभडक दिसणारा मासा दिव्याविना करडा किंवा काळपट दिसतो. पहिले चित्र माशाच्या अंगचा रंग सांगते, तर दुसरे त्याच्या परिसरातील त्याचे दिसणे सांगते. दोन्ही खरी आहेत, मात्र त्यांपैकी कोणते आपल्यासमोर आहे हे वाचकाला कळले पाहिजे.

संगणकावरचे रंगसंस्करण हे याच प्रक्रियेचे पुढचे पाऊल आहे. कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेली, प्रक्रिया न झालेली मूळ नोंद म्हणजे ‘रॉ’ फाइल. तिच्यावर ‘व्हाइट बॅलन्स’, म्हणजे पांढरी वस्तू पांढरीच दिसावी अशा बेताने सर्व रंगांचा समतोल, साधला जातो. 2019 मध्ये दर्या अक्कायनाक आणि ताली त्रेबित्झ यांनी मांडलेली ‘सी-थ्रू’ ही पद्धत तर प्रत्येक वस्तूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर लक्षात घेऊन पाण्याने झाकलेला रंग गणिताने परत मिळवते. वस्तूत जे मुळात आहे ते उघड करणारे असे संस्करण आणि वस्तूत नसलेले काही घालणारे संस्करण यांच्यात मूलभूत फरक आहे, आणि या क्षेत्रातील नीतीची चर्चा याच फरकाभोवती फिरते.

या फरकाची सीमा ओलांडल्याची उदाहरणे गाजलेली आहेत. फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठासाठी ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने आडवे छायाचित्र उभ्या चौकटीत बसावे म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाच्या साह्याने एकमेकांजवळ सरकवले, आणि त्यावर मोठी टीका झाली. 1994 मध्ये आर्ट वुल्फ यांच्या ‘मायग्रेशन्स’ या पुस्तकात सुमारे एक तृतीयांश छायाचित्रांत प्राण्यांची संख्या किंवा मांडणी संगणकावर बदललेली होती. प्रस्तावनेत तसा उल्लेख होता, पण त्या त्या चित्राखाली तो नसल्याने, झेब्र्यांचा अखंड कळप पाहणारा वाचक ते निसर्गातले दृश्यच समजत होता. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत उजेड, कॉन्ट्रास्ट किंवा मर्यादित क्रॉप चालते, परंतु प्राणी, वनस्पती किंवा त्यांचे अवयव घालणे वा काढणे चालत नाही, आणि पडताळणीसाठी रॉ फाइल मागितली जाते.

पाण्याखाली मात्र ‘काढणे’ म्हणजे नेमके काय, यावर मतभेद होतात. पाण्यात तरंगणाऱ्या गाळाच्या आणि सूक्ष्मजीवांच्या कणांवर स्ट्रोबचा प्रकाश पडून चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. यालाच ‘बॅकस्कॅटर’ म्हणतात. हे ठिपके पुसणे निरुपद्रवी वाटते. पण व्हेल शार्कच्या अंगावरचे पांढरे ठिपके ही त्या प्रत्येक प्राण्याची स्वतंत्र ओळख असते, आणि त्यांची मांडणी जुळवण्यासाठी संशोधकांनी खगोलशास्त्रातील तारकासमूह ओळखण्याची गणिती रीत वापरली आहे. पर्यटकांनी काढलेली छायाचित्रेही या नोंदींना उपयोगी पडतात, त्यामुळे अशा चित्रात पुसण्याच्या ओघात एखादा खरा ठिपका नाहीसा झाला, तर त्या प्राण्याची ओळखच पुसट होते.

प्रवाळांच्या बाबतीत धोका आणखी मोठा आहे. समुद्राचे तापमान वाढले की प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारी शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हे विरंजन ओळखण्याचे मुख्य चिन्ह रंग हेच आहे. फिकट प्रवाळांना संगणकावर तजेलदार रंग चढवणारे छायाचित्र संकटात सापडलेल्या परिसंस्थेला निरोगी ठरवते. मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आहेत, आणि तिथल्या पाण्यात नद्यांनी आणलेला गाळ असणे स्वाभाविक आहे. त्या हिरवट पाण्याला दूरच्या बेटांचा निळा रंग दिल्याने पर्यटकाची फसवणूक होतेच, पण कोकणच्या समुद्राचे खरे स्वरूप समजून घेण्याची संधीही हुकते.

अनेक छायाचित्रे एकत्र करणे हे प्रत्येक वेळी अप्रामाणिक नसते, हेही ध्यानात घ्यायला हवे. 2023 च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत श्रीराम मुरली यांच्या तमिळनाडूतील काजव्यांच्या छायाचित्राला पुरस्कार मिळाला. ते प्रत्येकी 19 सेकंदांच्या 50 छायाचित्रांतून साकारले होते, आणि ही माहिती चित्रासोबत दिलेली होती. भंडारदऱ्याच्या परिसरातील काजव्यांची अशीच छायाचित्रे वळवाच्या दिवसांत सर्वत्र फिरतात. त्यांच्यासोबत एवढीच एक ओळ असली, तर एका क्षणी इतके काजवे चमकत नसतात हे वाचकाला कळेल.

उलट, एकही पिक्सेल न बदलता केलेली फसवणूक अधिक गंभीर असू शकते. याच स्पर्धेत 2009 चे विजेते लांडग्याचे छायाचित्र, प्राणी बहुधा शिकवलेला होता या निष्कर्षावरून, 2010 मध्ये अपात्र ठरले. 2017 च्या पुरस्कारप्राप्त चित्रातील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढल्यावर ते 2018 मध्ये रद्द झाले, जरी छायाचित्रकाराने हा आरोप नाकारला होता. पाण्याखाली समुद्रघोड्याला काडीने ढकलणे, माशाला त्याच्या आडोशातून हुसकावणे किंवा प्रवाळावर हात टेकणे हे प्रकार रॉ फाइलमध्ये दिसत नाहीत, पण त्यांची किंमत जिवंत प्राणी मोजतो. म्हणून संस्करणाच्या नीतीपेक्षा प्राण्याशी वागण्याची नीती आधी येते.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता कधीच न पोहलेला मासा क्षणार्धात निर्माण करू शकते. छायाचित्र कसे घेतले आणि त्यात कोणते बदल झाले याची छेडछाड ओळखता येईल अशी नोंद फाइलमध्येच साठवणारे तंत्र काही कॅमेऱ्यांत आले आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. तरीही वाचकापर्यंत पोहोचणारी खरी हमी चित्राखालच्या ओळीतच असते. प्राणी मुक्त होता की पाळलेला, प्रकाश नैसर्गिक होता की दिव्याचा, चित्र एक आहे की अनेकांचे मिळून झाले आहे, आणि काही घातले वा काढले आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे देणे छायाचित्रकाराने कर्तव्य मानावे. ती मागणे आणि छापणे हे संपादकांनी, स्पर्धांच्या आयोजकांनी आणि पर्यटनाच्या जाहिराती करणाऱ्यांनी आपल्या कामाचाच भाग समजावे, कारण ज्या निसर्गाला वाचवायचे आहे, त्याची आजची अवस्था समाजाला आधी जशीच्या तशी ठाऊक असावी लागते.