बोहारणीचा व्यवहार

मराठी गृहस्थाच्या कपाटाच्या तळाशी किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत जे एक गाठोडे वर्षानुवर्षे वाढत असते, आणि ज्यात विटलेल्या साड्या, कमरेत न मावणाऱ्या विजारी, मुलांची शाळा सुटली तरी घरातून न सुटलेले त्यांचे गणवेश आणि कोण्या विस्मृत लग्नात अहेर म्हणून आलेली शर्टाची कापडे गुण्यागोविंदाने नांदत असतात, त्या गाठोड्याचा अखेरचा फैसला करणारे एक फिरते न्यायासन आपल्या शहरांतून कित्येक पिढ्या चालत आले आहे. त्यास इमारत नाही, फलक नाही, घटना नाही की वार्षिक अहवाल नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर कपड्यांचे बोचके घेऊन भर दुपारी, पुरुषमंडळी कामावर आणि मुले शाळेत असताना, दारात येऊन उभी राहणारी बोहारीण हीच त्या न्यायासनाची न्यायाधीश, कारकून आणि शिपाई. ‘बोहारणीला देऊन टाक’ हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे पांढरपेशे मराठी घर निदान मागल्या पिढीत तरी मिळाले नसते.

जुन्या वस्तूंचा पुनर्वापर हा अलीकडे परिसंवादांचा आणि नगरपालिकांच्या परिपत्रकांचा विषय झाला आहे. त्यात ज्या योजना मोठ्या उत्साहाने सांगितल्या जातात, त्यांतील पुष्कळशा या बाईने कोणाच्या अनुदानावाचून आधीच अमलात आणलेल्या आहेत. तथापि तिची थोरवी मला दिसते ती निराळ्याच ठिकाणी. तिने जुन्या वस्त्रास दानाच्या खात्यातून काढून व्यवहाराच्या खात्यात जमा केले, आणि त्यायोगे देणाराचा अहंकार व घेणाराचे ओशाळेपण ही दोन्ही एकदम खर्ची टाकली.

मुंबई-पुण्याकडे हा धंदा करणाऱ्या स्त्रिया बहुतांशी मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजातील असतात. हा समाज आता स्वतःस देवीपूजक म्हणवतो, आणि गुजरातच्या विमुक्त जमातींच्या यादीत त्याची गणना होते. म्हणजे ज्यांच्यावर इंग्रज सरकारने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि ज्यांचा तो शिक्का 1952 साली कायद्याने पुसला गेला, परंतु लोकांच्या मनातून तितक्या तातडीने पुसला गेला नाही, त्यांपैकी तो एक. अशा समाजातील स्त्रीने परक्या मुलखात, परक्या भाषेत, थेट गृहिणीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचावे, आणि ‘या घरची थोरली आता नोकरीस लागली, तेव्हा तिचे पंजाबी ड्रेस निघतील’ इतका अंदाज बांधण्याएवढी घरची माहिती राखावी, हे सामान्य कौशल्य नव्हे. आळ्या वाटून घेतलेल्या असतात. सासूची आळी सुनेकडे वतनासारखी चालत येते. पुरुषांकडे बहुधा पुढील विल्हेवाट असते. दारातला सौदा मात्र बाईचा आणि बाईशी.

या सौद्याच्या दुसऱ्या पारड्यात काय असावे, हे काळानुसार पालटत गेले. तांब्यापितळेच्या राज्यात भांडे ही घराण्याची मत्ता होती. त्यावर नाव घालून घेत, ते फुटले तर कासाराकडे मोडीत घालत, मोडीचे वजन वजा जाऊन नव्याची किंमत ठरे, आणि आंबट पदार्थ कळकू नये म्हणून वेळोवेळी कल्हई करून घ्यावी लागे. चार जुन्या लुगड्यांवर पितळी घागर द्यायला कोणताही व्यापारी तयार झाला नसता. म्हणून त्या काळी कपड्यांवर मिळे ती कपबशी, चिनी मातीची बरणी, फार तर जर्मनचे पातेले. पुढे स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील आले, कल्हईवाल्याची आळीतली हाक हळूहळू विरली, आणि घासून लख्ख होणाऱ्या, न कळकणाऱ्या, तरीही रोख पैसे मोजून आणण्यास गृहिणीचा हात सहसा न धजणाऱ्या या धातूने बोहारणीच्या पाटीस खरे वैभव प्राप्त करून दिले. मध्यमवर्गीय फळीवरील डब्यांची उतरंड कितीतरी घरांत पगारातून उभी राहिलेली नाही. ती नवऱ्याच्या जुन्या विजारींतून उभी राहिली आहे.

आता तो सौदा जवळून पाहावा. पाटी उतरली की बोहारीण प्रथम पाणी मागते. ते पिऊन होईपर्यंत तिने दाराची, दारातल्या चपलांची आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची मनोमन पाहणी उरकलेली असते. मग वाटी, गाळणी, किसणी, झाकणाचा डबा, आणि सर्वांच्या मागे, सहज म्हणून ठेवल्यासारखे एक जाड बुडाचे पातेले मांडले जाते. गृहिणीची नजर पातेल्यावर आहे हे बोहारणीस ठाऊक असते, आणि ते तिला ठाऊक आहे हे गृहिणीसही ठाऊक असते; म्हणून बोलणी डब्यापासून सुरू होतात.

गृहिणी दोन शर्ट आणि एक विजार बाहेर आणते. बाकीचे गाठोडे आतल्या खोलीत राखीव. बोहारीण शर्टाची कॉलर उलटून आतली कड पाहते, बगलेतला रंग उडाला आहे की काय ते बघते, विजारीची बैठक उजेडासमोर धरते, आणि चेन एकवार वर-खाली करते. साडी आली तर तिची परीक्षा अधिक कडक. पदर सगळेच चांगला दाखवतात, हे जाणून ती थेट निऱ्यांच्या भागास हात घालते, दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणते, आणि टाचेखाली येणारी किनार विरली आहे का ते बोटाने चाचपते. नंतर निकाल येतो: “ताई, ह्यात गाळणी येईल.”

“गाळणी ठेव तुलाच. नवा शर्ट आहे, दोनदा घातलाय.”

“दोनदा घातला तर कॉलर कशी गेली? आतलं काढा ना ताई, जरीचं काय असेल ते. पातेलं घेऊन टाका.”

येथे पातेल्याचे नाव प्रथम निघते, आणि येथून पुढे खरी वाटाघाट. सासूबाई झोपेतून उठून येतात आणि कोणत्याही पक्षाची बाजू न घेता दोघींच्याही चुका दाखवतात. शेजारीण आपल्या दारातून भाव सांगते. गृहिणी पातेल्यास नखाने टिचकी मारून नाद ऐकते. एखादी चिकित्सक बाई लोहचुंबक आणून लावते, आणि तो चिकटला नाही म्हणजे माल उत्तम, असा निर्वाळा देते. (कमी निकेलचे, हलक्या प्रतीचे स्टीलही चुंबकास दाद देत नाही; पण हे बोहारीण कशाला सांगेल?) बोहारीण उठण्याचा आविर्भाव करते, पाटी गुडघ्यापर्यंत उचलते आणि पुन्हा ठेवते. अखेरीस आतल्या गाठोड्यातून एक सिल्क, एक बेडशीट आणि कधी न शिवलेले एक शर्टाचे कापड बाहेर येते, पातेले घरात जाते, आणि गृहिणी ‘वर एक चमचा दे’ म्हणून तोही पदरात पाडून घेते. आपण किंचित फसलो, ही शंका दोघींच्याही मनात उरते. माझ्या मते न्याय्य सौद्याची याहून खात्रीची खूण नाही.

बोचके वस्तीत पोहोचले की वर्गवारी होते. धड कपडे धुवून, बटणे लावून, रफू करून आणि इस्त्री मारून पुन्हा बाजारास लायक केले जातात, व आठवडे बाजारांतून, पदपथांवरून, पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणांतून नव्याच्या किमतीच्या अल्पांशात विकले जातात. तेथे एखादा बिगारी विजार कमरेस लावून पाहतो, रंग नापसंत करतो, दुसरी मागतो, आणि दोन रुपये कमी करून घेतो. नापसंत करण्याचा हा जो अधिकार त्यास तेथे मिळतो, तो आपल्या दारात उभा राहून आपण ‘दिलेली’ विजार घेताना त्यास कधी मिळाला असता काय? धड नसलेल्या सुती कपड्यांच्या चिंध्या गॅरेजांत आणि छापखान्यांत यंत्रांचे तेल व शाई पुसण्यास जातात. लोकरीचे कपडे उत्तरेकडे पानिपतास रवाना होतात. मराठी माणसास हे नाव निराळ्या कारणाने सलते, पण तेथील कारखान्यांत जुनी लोकर रंगवार निवडून, फाडून, पिंजून तिचे पुन्हा सूत काढतात, आणि रंग आधीच जुळवलेला असल्याने नव्याने रंगवण्याची गरजही पुष्कळदा पडत नाही. त्या सुताची स्वस्त कांबळी होतात.

या साखळीत एक अपराधही घडलेला आहे, आणि तो नोंदल्यावाचून हा परिचय एकांगी होईल. जुन्या पैठण्यांची व शालूंची जर खऱ्या चांदीच्या तारेची, सोन्याचा मुलामा दिलेली असे. ‘जुनी जर’ विकत घेणारे निराळे फेरीवाले येत. ते वस्त्र तोलून नेत आणि जाळून त्यातील चांदी काढीत. वस्त्राच्या विणीस, पदरावरच्या मोरास, रंगास त्या तराजूत वजन नव्हते. आज संग्रहालयांत काचेआड ठेवलेल्या पैठणीसारख्या किती पैठण्या या रीतीने भट्टीत गेल्या, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. बोहारणीस यात गोवणे मात्र अन्यायाचे होईल. आजीची पैठणी घडीवर विरली म्हणून ती विकण्याचा निर्णय घरातच झालेला असे, आणि आलेली रक्कमही घरातच राही.

दानाचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीने तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा देशभरातून कपड्यांचे ट्रकच्या ट्रक तिकडे धावले; आणि दुसऱ्याचे उतरलेले कपडे अंगास लावण्याची सवय नसलेल्या कोळ्यांनी ते नाकारल्यामुळे त्यांचे ढीग रस्त्याकडेस पडून राहिले. दात्यांनी घेणाराच्या मताची चौकशीच केली नव्हती. त्या ढिगांची वर्गवारी करून त्यांतून उपयोगी वस्तू बनवण्याच्या कामात दिल्लीची ‘गूंज’ ही संस्था होती. अंशू गुप्ता यांनी ती 1999 साली स्थापन केली. त्यांना पुढे 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या संस्थेची रीत अशी की गावकऱ्यांनी आपल्या गरजेचे काम, विहीर असो, बांध असो, की रस्ता असो, स्वतः ठरवून पुरे करावे, आणि शहरातून आलेले कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घ्यावेत. विचारवंतांनी या पद्धतीची वाखाणणी केली, ती यथार्थच आहे. मात्र फुकट दिलेल्यापेक्षा मोबदल्यात मिळालेले वस्त्र अंगास अधिक शोभते, हे तत्त्व भांड्यांच्या पाटीवाल्या बाईस कोणत्याही पुरस्कारावाचून उमगले होते, एवढे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

कपड्यांखेरीज घरातले इतर जिन्नसही अशाच वाटांनी बाहेर पडतात. रद्दीवाला तराजू घेऊन येतो, भंगारवाला हातगाडी घेऊन. आणि गळालेल्या केसांचे गुंतवळ साठवून ठेवणाऱ्या बायांसाठी ‘केसांवर भांडी’ अशी आरोळी देत येणाऱ्या स्त्रियाही आहेत. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, वेचकांस महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली, आणि 2008 पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. कोणाच्या घरातले टाकाऊ कोणाच्या हक्काचे, हा प्रश्न तेथे प्रथम लेखी स्वरूपात सोडवला गेला. बोहारणीच्या वाट्यास असा करारनामा अजून आलेला नाही.

तिचा धंदा आता उतरणीस लागला आहे. साडी रोजच्या वापरातून जवळजवळ गेली. जे कपडे आपण घेतो ते स्वस्त, मिश्र धाग्यांचे आणि दोन पावसाळ्यांत लोंबणारे, त्यांतून दुसऱ्यांदा विकण्याजोगे थोडेच उरते. दुपारी घरी कोणी नसते. स्टीलच्या पातेल्याचे अप्रूप संपले, म्हणून पाटीत प्लॅस्टिकचे टब आले. परंतु या सर्वांहून मोठा अडसर आहे तो गृहनिर्माण संस्थांच्या फाटकावरील ‘फेरीवाले व विक्रेते यांस सक्त मनाई’ ही पाटी. आतमध्ये जुने कपडे कुठे द्यावेत म्हणून बिऱ्हाडे चिंतेत असतात, बाहेर ते घेणारी बाई पहारेकऱ्याशी हुज्जत घालत असते, आणि संस्थेच्या आवारात कोणी तरी हौसेने ठेवलेल्या दानपेटीत फाटके बनियन, एकेकटे मोजे आणि तुटक्या चेनची दप्तरे पडत राहतात.

यावर उपाय खर्चाचा नाही. दान करायचेच असेल तर कपडा धुवावा, बटणे लावावीत, आणि आपण स्वतः तो कोणाकडून घेतला असता काय, हे एकदा मनाशी विचारावे. उरलेल्यासाठी संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत, वाहनतळाचा वाद सुरू होण्यापूर्वी, असा ठराव मांडावा की आठवड्यातून एक दिवस, दुपारी 12 ते 4 या वेळात, रजिस्टरात नाव नोंदवून भांडीवालीस आत येण्याची मुभा असावी. सूचक म्हणून माझे नाव घालण्यास हरकत नाही; अनुमोदक तेवढा आपण मिळवावा.