गाय-वासरू ते हलधर: एका खासदाराची पुणेरी कसोटी

पुण्याच्या मतदाराने सुरुवातीला एकाही खासदाराला दुसऱ्यांदा दिल्लीला पाठवलं नव्हतं. १९५२ मध्ये काकासाहेब गाडगीळ, १९५७ मध्ये ना. ग. गोरे, १९६२ मध्ये शंकरराव मोरे, १९६७ मध्ये एस. एम. जोशी. माणसं मोठी, पण दर वेळी नवी. ही रीत मोडली मोहन धारिया यांनी. १९७१ आणि १९७७ अशा लागोपाठ दोन निवडणुका ते पुण्यातून जिंकले.

पहिल्या वेळी चिन्ह होतं इंदिरा काँग्रेसचं गाय-वासरू, दुसऱ्या वेळी जनता पक्षाच्या उमेदवारांना मिळालेला नांगरधारी शेतकरी. सहा वर्षांत चिन्ह बदललं, पक्ष बदलला. मग यात पक्षांतराचा डाग का नाही? कारण धारिया सत्ता गमावून विरोधात गेले होते.

महाडच्या परिसरातला हा स्वातंत्र्यसैनिक १९६४ मध्ये राज्यसभेत गेला. चंद्रशेखर, कृष्णकांत यांच्यासह काँग्रेसमधले ‘तरुण तुर्क’ म्हणून नाव झालं. १९७१ च्या विजयानंतर केंद्रात राज्यमंत्रिपद मिळालं, नियोजन खातं आलं. जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन पेटलं तेव्हा, त्यांच्याशी सरकारने बोलावं, असं धारिया उघडपणे म्हणाले. मंत्र्याने असं बोलणं पंतप्रधानांना रुचणारं नव्हतं. मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आलं. चार महिन्यांच्या आत आणीबाणी आली. धारियांनी लोकसभेत तिला विरोध केला आणि पुढे तुरुंगवास भोगला. गप्प राहिले असते तर खुर्ची राहिली असती. माझ्या मते त्यांच्या संसदीय कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं काम हेच.

१९७७ मध्ये पुण्याने त्यांना पुन्हा निवडलं. मोरारजी देसाईंनी वाणिज्य खातं दिलं. १९७९ मध्ये लोकसभा बरखास्त झाली, तेव्हा दोन्ही सभागृहं मिळून त्यांची पंधरा वर्षं भरली होती. १९८० पासून पुण्याने विठ्ठलराव गाडगीळांना लागोपाठ तीनदा निवडून दिलं. पुढे सुरेश कलमाडीही तीनदा जिंकले. विजयांची नुसती मोजणी केली, तर धारिया त्यांच्या मागे पडतात. म्हणून ती मोजणी मला अपुरी वाटते.

पुढे धारियांनी ‘वनराई’ संस्था उभी केली. २००५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १४ ऑक्टोबर २०१३ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. आजही पावसाळा सरला की महाराष्ट्रातल्या ओढ्यानाल्यांवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, गावकरी श्रमदानाने बांध घालतात. त्याला वनराई बंधारा म्हणतात.